अमेरिकेतील यादवी युद्ध : गुलामांचे स्वातंत्र्य आणि त्याची अपूर्णता

महात्मा जोतीराव फुले यांनी १८७३ साली प्रसिद्ध झालेला आपला 'गुलामगिरी' हा ग्रंथ अमेरिकेतील ज्या सदाचारी लोकांनी कृष्णवर्णीयांना दास्यातून मुक्त केले, त्यांना अर्पण केला. ज्या युद्धाने ही मुक्ती घडविली ते युद्ध त्या वेळी संपून अवघी आठ वर्षे झाली होती. आपल्या चळवळीच्या साहित्यात या युद्धाचा उल्लेख वारंवार येतो. परंतु ते का झाले, त्यात गुलामांचा स्वतःचा वाटा किती होता आणि मिळालेले स्वातंत्र्य पुढे का हिरावले गेले, याचा विचार क्वचितच केला जातो. तो येथे करण्याचा आमचा हेतू आहे.

अमेरिकेची राज्यघटना १७८७ साली तयार झाली, तेव्हाच तिच्या पोटात हा संघर्ष दडलेला होता. 'गुलाम' हा शब्द घटनाकारांनी कटाक्षाने टाळला. परंतु प्रतिनिधींची संख्या ठरविताना पाच गुलाम म्हणजे तीन माणसे असा हिशेब मान्य केला. ज्यांना मत नव्हते त्यांच्या संख्येवर त्यांच्या मालकांचे राजकीय बळ वाढले. पुढे कापसाने या व्यवस्थेला नवे आयुष्य दिले. १८६० साली अमेरिकेच्या निर्यातीत निम्म्याहून अधिक वाटा एकट्या कापसाचा होता, आणि त्या वर्षीच्या जनगणनेनुसार गुलामांची संख्या सुमारे ४० लक्ष होती. एवढ्या मोठ्या संपत्तीचा त्याग तिचे मालक केवळ उपदेशाने करतील, अशी आशा व्यर्थ होती.

येथे धर्मसंस्थांची वागणूक विशेष लक्षात घेण्यासारखी आहे. दक्षिणेतील धर्मोपदेशक बायबलमधील वचनांच्या आधारे गुलामगिरी ईश्वरमान्य असल्याचे सांगत, तर उत्तरेतील अनेक उपदेशक त्याच ग्रंथाच्या आधारे ती पाप असल्याचे सांगत. १८४४-४५ च्या सुमारास मेथॉडिस्ट व बॅप्टिस्ट हे दोन मोठे पंथ याच प्रश्नावर दुभंगले. राष्ट्र फुटण्यापूर्वी पंधरा वर्षे धर्मपीठे फुटली होती. धर्मग्रंथाचे प्रामाण्य एकदा मान्य केले की त्यातून अन्यायाचेही समर्थन काढता येते, हा धडा आपणास अपरिचित नाही.

१८५० साली पळून गेलेल्या गुलामांना पकडून परत देण्याचा कडक कायदा झाला. १८५७ साली ड्रेड स्कॉट खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने कृष्णवर्णीय मनुष्य अमेरिकेचा नागरिक होऊच शकत नाही, असा निकाल दिला. नव्या प्रदेशांत गुलामगिरीचा प्रसार होऊ न देण्याची भूमिका घेऊन अब्राहम लिंकन नोव्हेंबर १८६० मध्ये अध्यक्षपदी निवडून आले, आणि २० डिसेंबर १८६० रोजी साउथ कॅरोलिना राज्य संघराज्यातून बाहेर पडले. एकूण ११ राज्ये फुटली. १२ एप्रिल १८६१ रोजी सम्टर किल्ल्यावर तोफा डागल्या गेल्या व युद्धास तोंड लागले.

हे युद्ध गुलामगिरीसाठी नव्हे तर राज्यांच्या हक्कांसाठी झाले, असा एक पक्ष पराभवानंतर दक्षिणेत मांडला गेला. त्याचे खंडन फुटीर राज्यांच्याच कागदपत्रांत आहे. मिसिसिपी राज्याच्या जाहीरनाम्यात आपले हितसंबंध गुलामगिरीच्या संस्थेशी पूर्णपणे निगडित असल्याचे स्पष्ट म्हटले आहे. फुटीर राज्यांच्या सरकारचे उपाध्यक्ष अलेक्झांडर स्टीफन्स यांनी २१ मार्च १८६१ रोजी सॅव्हाना येथे केलेल्या भाषणात, कृष्णवर्णीय हा गोऱ्याच्या बरोबरीचा नाही हाच नव्या राज्याचा पाया असल्याचे सांगितले. शिवाय, पळालेल्या गुलामांना उत्तरेतील राज्यांनी आपल्या इच्छेविरुद्ध पकडून द्यावे, असा आग्रह धरणाऱ्यांनी राज्यांच्या स्वायत्ततेची भाषा करावी, यातील विसंगती उघड आहे.

उत्तरेचेही हेतू प्रारंभी निर्मळ नव्हते. लिंकन यांनी २२ ऑगस्ट १८६२ रोजी होरेस ग्रीली यांना लिहिलेल्या पत्रात, आपले मुख्य उद्दिष्ट संघराज्य वाचविणे हे असून एकाही गुलामाला मुक्त न करता ते साधत असेल तर आपण तसे करू, असे नमूद केले. डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनी काँग्रेस व गांधी यांनी अस्पृश्यांसाठी काय केले याची चिकित्सा करणाऱ्या आपल्या १९४५ च्या ग्रंथात या पत्राकडे मुद्दाम लक्ष वेधले आहे. थोर पुरुषांच्या सदिच्छेवर दलितांनी किती विसंबावे, हा त्यामागील प्रश्न होता.

मग संघराज्याचे युद्ध मुक्तीचे युद्ध कसे झाले? याचे उत्तर प्रामुख्याने गुलामांच्या कृतीत आहे. मे १८६१ मध्ये फ्रँक बेकर, शेपर्ड मॅलरी व जेम्स टाउनसेंड हे तीन गुलाम रात्री होडीतून व्हर्जिनियातील मन्रो किल्ल्यावर आले. मालकाच्या वतीने १८५० च्या कायद्याचा आधार घेऊन त्यांची मागणी झाली. सेनापती बेंजामिन बटलर यांनी उत्तर दिले की, व्हर्जिनिया स्वतःला परके राष्ट्र म्हणवीत असेल तर त्या कायद्याचे संरक्षण तिला मिळणार नाही. आणि शत्रूच्या लष्करी कामात वापरली जाणारी ही 'मालमत्ता' आपण जप्त करीत आहोत. माणसाला मालमत्ता ठरविणारा कायदाच मालकांवर उलटला. ही वार्ता पसरताच शेकडो, आणि पुढे हजारो गुलाम मळे सोडून संघराज्याच्या छावण्यांकडे निघाले. डब्ल्यू. ई. बी. दु बॉइस यांनी १९३५ च्या आपल्या ग्रंथात या स्थलांतरास सार्वत्रिक संप म्हटले आहे. मळ्यावरचे हात थांबले, तेव्हा दक्षिणेच्या सैन्याची रसद खचू लागली.

१ जानेवारी १८६३ च्या मुक्तीच्या घोषणेने बंडखोर प्रदेशांतील गुलाम स्वतंत्र ठरले. संघराज्याशी एकनिष्ठ राहिलेल्या राज्यांतील गुलामांना ती लागू नव्हती. मात्र तिने कृष्णवर्णीयांना सैन्याचे दार उघडले. सुमारे १ लक्ष ८० हजार कृष्णवर्णीय सैनिक संघराज्याच्या बाजूने लढले. गोऱ्या शिपायाला दरमहा १३ डॉलर मिळत. कृष्णवर्णीयाला १०, आणि त्यातूनही कपड्यांचे ३ कापले जात. मॅसॅच्युसेट्सच्या ५४ व्या पलटणीने हा अपमानकारक पगार नाकारला. जुलै १८६३ मध्ये वॅगनर किल्ल्यावरील हल्ल्यात या पलटणीने रक्त सांडले, तरी कमी वेतन स्वीकारले नाही. अखेर जून १८६४ मध्ये समान वेतनाचा कायदा झाला.

या युद्धाची झळ आपल्या प्रदेशालाही लागली. अमेरिकन कापूस बंद होताच मुंबईच्या बाजारात कापसाचे भाव कडाडले. वऱ्हाड-खानदेशच्या कापसाला मागणी आली. १८६५ मध्ये युद्ध संपताच ते भाव कोसळले आणि मुंबईतील अनेक पेढ्या बुडाल्या. तेजीचा मलिदा व्यापाऱ्यांनी खाल्ला, मंदीचे कर्ज मात्र शेतकऱ्याच्या माथी राहिले.

९ एप्रिल १८६५ रोजी सेनापती ली यांनी शरणागती पत्करली. या युद्धातील मृतांची संख्या ६ लक्ष २० हजार अशी दीर्घकाळ मानली गेली; अलीकडील संशोधन ती याहूनही अधिक असल्याचे सांगते. त्याच वर्षी १३ व्या घटनादुरुस्तीने गुलामगिरी नष्ट झाली. १८६८ च्या १४ व्या दुरुस्तीने नागरिकत्व व कायद्याचे समान संरक्षण, तर १८७० च्या १५ व्या दुरुस्तीने वर्णनिरपेक्ष मताधिकार दिला.

परंतु मुक्त झालेल्यांना खरोखर काय हवे होते? १२ जानेवारी १८६५ रोजी सॅव्हाना येथे सेनापती शर्मन यांनी वीस कृष्णवर्णीय धर्मोपदेशकांना हाच प्रश्न विचारला. त्यांचे प्रवक्ते गॅरिसन फ्रेझियर हे ६७ वर्षांचे गृहस्थ होते. आठ वर्षांपूर्वी त्यांनी स्वतःचे व पत्नीचे स्वातंत्र्य एक हजार डॉलर मोजून विकत घेतले होते. त्यांचे उत्तर होते, आम्हांस जमीन द्या, ती आम्ही आमच्या श्रमाने कसू. चार दिवसांनी शर्मन यांनी आदेश काढला. प्रत्येक कुटुंबास ४० एकरांपर्यंत जमीन देण्याची त्यात तरतूद होती. सुमारे ४० हजार लोक त्या जमिनींवर वसले. लिंकन यांच्या हत्येनंतर अध्यक्ष झालेल्या अँड्र्यू जॉन्सन यांनी त्याच वर्षी त्या जमिनी जुन्या मळेवाल्यांना परत केल्या. मुक्त मनुष्य पुन्हा त्याच मालकाच्या शेतावर वाटेकरी म्हणून उभा राहिला.

तरीही पुढील दहा-बारा वर्षांत त्यांनी शाळा उभारल्या, मतदान केले, विधिमंडळांत प्रवेश केला. १८७० मध्ये हायरम रेव्हेल्स सिनेटचे पहिले कृष्णवर्णीय सदस्य झाले. याला उत्तर मिळाले ते हिंसेने. १८७३ साली लुइझियानातील कोल्फॅक्स येथे कृष्णवर्णीयांची सामूहिक हत्या झाली. १८७६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने आरोपींची शिक्षा रद्द केली. १८७७ मध्ये राजकीय तडजोडीतून दक्षिणेतील संघीय सैन्याचे संरक्षण उठले. १८९० पासून मतदान-कर व साक्षरता-परीक्षा यांच्या आडून मताधिकार काढून घेण्यात आला. घटनादुरुस्तीचे एकही अक्षर बदलले नव्हते. ती अमलात आणणारी सत्ता तेवढी विरोधकांच्या हाती गेली होती. मताधिकाराचे परिणामकारक संरक्षण मिळावयास १९६५ साल उजाडावे लागले.

कोलंबिया विद्यापीठात १९१३ ते १९१६ या काळात शिकलेल्या बाबासाहेबांना हा इतिहास ठाऊक होता. १९४६ मध्ये त्यांनी दु बॉइस यांना पत्र लिहून, कृष्णवर्णीयांनी संयुक्त राष्ट्रांकडे केलेल्या अर्जाच्या प्रती मागविल्या. २५ नोव्हेंबर १९४९ रोजी संविधान सभेत त्यांनी राजकीय समतेबरोबर सामाजिक व आर्थिक विषमता कायम राहिल्यास लोकशाहीचा डोलाराच धोक्यात येईल, असा इशारा दिला. १८७७ नंतरच्या अमेरिकेकडे पाहिले म्हणजे या इशाऱ्यामागील अनुभव कोणता, हे कळते.

गुलामगिरी व अस्पृश्यता यांत भेद आहे. गुलाम ठेवणे कायद्याने कोणावर बंधनकारक नव्हते, अस्पृश्यता पाळणे मात्र धर्माने बंधनकारक केले, हा बाबासाहेबांनीच दाखविलेला फरक आम्ही विसरत नाही. तथापि दोन्हींच्या निर्मूलनाचा मार्ग एका ठिकाणी मिळतो. हक्क घटनेत लिहून घेणे हा त्या मार्गाचा पहिला टप्पा आहे. त्यानंतर जमीन व शिक्षण यांचा आधार हवा, सत्तेत वाटा हवा, आणि मिळालेले सांभाळण्यासाठी सदैव जागृत असलेली संघटना हवी. अमेरिकेतील मुक्त गुलामांनी हे सारे मागितले होते. त्यांना त्यातील थोडे मिळाले, आणि जे मिळाले तेही राखण्यासाठी त्यांच्या पुढील तीन पिढ्यांना झगडावे लागले.