फुटक्या कपांची साक्ष

चहाच्या भांड्यांना आपण चिनीमातीची भांडी म्हणतो आणि इंग्रज नुसते 'चायना' म्हणतात. दोन्ही भाषांनी या वस्तूला तिच्या मूळ देशाचे नाव कायमचे देऊन टाकले आहे. अठराव्या शतकातल्या इंग्रज कारखानदारांना हे नाव अडचणीचेही होते आणि सोयीचेही. माल त्यांना आपल्या गावात करायचा होता, पण तो चीनहून आल्यासारखा दिसला तरच खपणार होता. लंडनच्या पूर्वेकडील बो येथल्या कारखान्याने तर स्वतःला 'न्यू कॅन्टन' हेच नाव घेतले होते. 'न्यू कॅन्टन येथे केले, १७५०' अशा अर्थाचा मजकूर असलेल्या त्यांच्या दौती आजही शिल्लक आहेत. ज्या धंद्यात नक्कल हेच भांडवल, तिथे आपली खरी ओळख मालावर कोण कशाला उमटवील? म्हणून या भांड्यांच्या इतिहासात पहिला प्रश्न उभा राहतो तो हा, की हातातली वस्तू केली कोणी?

या लेखात भांड्यांच्या देखणेपणाविषयी मी थोडे सांगणार आहे आणि या प्रश्नाला मिळालेल्या उत्तरांविषयी जास्त. कारण ती उत्तरे आधी संग्राहकांनी दिली, आणि त्यांतली काही महत्त्वाची उत्तरे पुढे कारखान्यांच्या कचऱ्याने खोडून काढली.

*

सॅम्युएल पेपिस या लंडनच्या सरकारी अधिकाऱ्याने आपण चहा पहिल्यांदा प्यायल्याची नोंद रोजनिशीत केली ती २५ सप्टेंबर १६६० रोजी. पुढच्या शंभर वर्षांत हे परदेशी पेय इंग्रजांच्या घरोघरी पोचले. चहाबरोबर त्याची भांडीही चीनहून येत. चहाला दमट हवा सोसत नाही. चिनीमातीला पाण्याचे भय नाही आणि जहाजाला तळाशी वजन लागतेच. म्हणून ईस्ट इंडिया कंपनीच्या जहाजांत भांड्यांच्या पेट्या खाली आणि चहाच्या पेट्या वर रचत.

ही भांडी इंग्लंडमध्येच का करू नयेत, असा विचार साहजिक होता. अडचण मातीची होती. चिनी पोर्सलेनला केओलिन नावाची पांढरी माती आणि एक विशिष्ट दगड लागतो, शिवाय भट्टीची आच फार मोठी लागते. जर्मनीतल्या माइसेनने १७१० पासून हे साधले होते. इंग्रजांजवळ ते गुपित नव्हते, म्हणून ज्याला जे सुचले ते त्याने मातीत मिसळले. चेल्सीच्या निकोलस स्प्रिमाँ या चांदीकाम करणाऱ्या कारागिराने काचेचा अंश असलेले मऊ, दुधी पोर्सलेन काढले. बो कारखान्यात टॉमस फ्राय याने जनावरांच्या हाडांची राख वापरली. ब्रिस्टॉलमध्ये बेंजामिन लंड याने कॉर्नवॉलमधला सोपस्टोन, म्हणजे आपल्याकडचे शंखजिरे, वापरून पाहिले.

यांतले कोणते मिश्रण चांगले, हे शेवटी उकळत्या पाण्याने ठरवले. दिवाणखान्यातल्या मूर्तीला उष्णतेची परीक्षा द्यावी लागत नाही. किटलीला रोज द्यावी लागते. काचेच्या अंशाची किटली उकळते पाणी ओतताच तडकण्याची भीती असे. शंखजिऱ्याची टिकत असे. सेव्हर्न नदीकाठच्या वूस्टर गावात डॉ. जॉन वॉल हे वैद्य, विल्यम डेव्हिस हे औषधविक्रेते आणि आणखी तेरा जण अशा पंधरा भागीदारांनी ४ जून १७५१ रोजी पोर्सलेनच्या कारखान्याचा करार केला. पुढच्याच वर्षी त्यांनी ब्रिस्टॉलचा तो धंदा कृतीसकट आपल्याकडे घेतला. वूस्टरची चहाची भांडी नावाजली, याचे पहिले श्रेय चित्रकारांच्या आधी या दगडाला द्यायला हवे.

खऱ्या केओलिनचा शोध इंग्लंडमध्येही लागला. प्लिमथचे औषधविक्रेते विल्यम कुकवर्दी यांना ती माती कॉर्नवॉलमध्येच सापडली आणि १७६८ मध्ये त्यांनी पेटंट घेतले. पण तोवर इतर कारखान्यांनी आपापल्या जोडमिश्रणांवर बाजार उभा केला होता.

*

त्या काळचा चहाचा संच आजच्यासारखा नव्हता. चहाचे पेले पुष्कळदा बिनकानाचे, चिनी वाटीसारखे असत. कॉफीच्या उभट कपांना मात्र कान असे. चहा आणि कॉफी एकाच वेळी कोणी पीत नाही, म्हणून दोघांत बशी एकच. संग्राहक आज या तिघांना मिळून 'त्रिकूट' म्हणतात. जोडीला किटली, तिच्याखालची ताटली, दुधाचे भांडे, साखरेचे भांडे, चहापत्तीचा डबा, चमच्यांची तबकडी आणि पेल्यातला उरलासुरला गाळ ओतायचे भांडे असे. वूस्टरचा पुरा संच त्रेचाळीस नगांचा भरत असे. गरम चहा बशीत ओतून पिण्याची चाल त्या इंग्रजांतही होती. आपल्याकडे बशीतून चहा पिणाऱ्याला कोणी हसले, तर हा दाखला द्यायला हरकत नाही.

या भांड्यांच्या पाठी पाहिल्या की नकलेचा सारा कारभार दिसतो. कुठे चिनी अक्षरांसारख्या अर्थहीन रेघा, कुठे चौकोनी चिनी शिक्का, कुठे माइसेनच्या दोन तलवारींची उघड चोरी. वूस्टरची स्वतःची म्हणावी अशी खूण चंद्रकोरीची, पण तीही इतरांनी उचलली. आणि पुष्कळ भांड्यांवर तर काहीच नाही.

*

एकोणिसाव्या शतकात हा माल जुना झाला आणि जुना म्हणून मौल्यवान झाला. त्या काळच्या संग्राहकांत सर्वांत मोठे नाव लेडी शार्लट श्रायबर यांचे. पहिल्या पतीच्या निधनानंतर त्यांनी वेल्समधला डाउलैसचा प्रचंड लोखंड कारखाना चालवला होता. वेल्श भाषेतल्या मध्ययुगीन कथांचा इंग्रजी अनुवाद केला होता. दुसरे पती चार्ल्स श्रायबर यांच्यासह त्या युरोपभर जुन्या वस्तूंची दुकाने पालथी घालत फिरल्या. चार्ल्स वारल्यावर १८८४ मध्ये सुमारे १,८०० वस्तूंचा इंग्रजी संग्रह त्यांनी लंडनच्या साउथ केन्सिंग्टन संग्रहालयाला, म्हणजे आजच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्टला, दिला. त्यांनी कुठे काय घेतले याच्या नोंदी रोजनिशीत आहेत.

अशा लोकांविषयी मला आदर आहे, आणि त्याचे एक कारण सांगितले पाहिजे. मी हा विषय कोणत्याही विद्यापीठात शिकलो नाही. पण पाहू गेल्यास इंग्लंडमध्येही तो फारसा कोणी विद्यापीठात शिकलेला नव्हता. निळ्या-पांढऱ्या इंग्रजी पोर्सलेनवर १९६३ मध्ये ग्रंथ लिहिणारे बर्नार्ड वॉटनी पेशाने डॉक्टर. जेफ्री गॉडन हे जुन्या वस्तूंचे व्यापारी, ससेक्समधल्या वर्दिंगचे. वूस्टरच्या संग्रहालयाचे प्रमुख झालेले हेन्री सँडन त्या गावात आले ते कॅथीड्रलमध्ये गाण्यासाठी. डॉक्टर, दुकानदार आणि गायक. या विषयाचे आधुनिक शास्त्र ज्यांनी घडवले त्यांतली ही तीन माणसे.

मात्र हौसेची एक खोड असते. संग्राहक अखंड, देखणी वस्तू जवळ करतो आणि तिला चांगले कुळ शोधतो. लोस्टॉफ्टचे उदाहरण घ्या. इंग्लंडच्या पूर्व किनाऱ्यावरच्या या मासेमारी गावात १७५७च्या सुमारास एक छोटा कारखाना निघाला. गावठी, साधा, गोड माल. 'लोस्टॉफ्टची छोटीशी भेट' अशा अर्थाची अक्षरे लिहिलेले पेले प्रवाशांसाठी. एकोणिसाव्या शतकात विल्यम चॅफर्स या तज्ज्ञाने युरोपीय घराण्यांच्या राजचिन्हांनी मढवलेले, पक्क्या चिनी मातीचे ढीगभर सामान या गावाच्या नावावर चढवले. ते सगळे चीनमध्येच तयार होऊन आले होते. १९०२-०३ मध्ये कारखान्याच्या जागी साचे आणि भट्टीत बिघडलेल्या मालाचे तुकडे निघाले, आणि लोस्टॉफ्टने खरोखर काय केले ते दिसले. तरीही 'चायनीज लोस्टॉफ्ट' हे चुकीचे नाव व्यापारात पुढे कित्येक वर्षे टिकले. नाव एकदा किमतीला चिकटले की सहजी सुटत नाही.

*

सर्वांत बोधप्रद तंटा मला वाटतो तो वूस्टर आणि काफ्ली यांच्यातला. टॉमस टर्नर हा वूस्टरशी संबंध असलेला माणूस. त्याने सेव्हर्नच्याच काठी, वरच्या अंगाला, श्रॉपशरमधल्या काफ्ली येथे कारखाना काढला. १७७५च्या सुमारास तिथून पोर्सलेन बाहेर पडू लागले. ताम्रपटावर कोरलेले चित्र पातळ कागदावर उतरवायचे आणि कागद भांड्यावर दाबून नक्षी उमटवायची, ही कला वूस्टरमध्ये रॉबर्ट हँकॉकने नावारूपाला आणली होती. १७७४ मध्ये तोही वूस्टर सोडून गेला आणि काफ्लीला पोचला. मग दोन्ही कारखान्यांतून जवळजवळ तीच निळी चित्रे, त्याच आकाराच्या भांड्यांवर, त्याच शंखजिऱ्याच्या मातीवर छापली जाऊ लागली. होडीतल्या कोळ्याचे चित्र तर दोघांचेही. काफ्लीच्या कोळ्याच्या हातातला मासा आखूड व जाडा आणि गळाची दोरी ताठ. वूस्टरचा मासा लांब व सडपातळ आणि दोरी सैल. फरक एवढाच.

यांतल्या काही छापील भांड्यांच्या तळाशी एक ते नऊ असे आकडे चिनी वळणाच्या फरकाट्यांत लपवलेले असतात. कित्येक दशके हे आकडे काफ्लीचे मानले गेले. छपाई थोडी घाईची, माल मध्यम; वूस्टरसारखे नामांकित घर असला माल कशाला करील, असा त्यामागचा समज. म्हणजे चांगले दिसले की वूस्टर आणि हलके दिसले की काफ्ली. हा पुरावा नव्हता, ही कुळाची प्रतिष्ठा होती.

१९६८ मध्ये वूस्टरच्या मूळ कारखान्याच्या, वॉर्मस्ट्री हाऊसच्या, जागेवर सँडन यांनी उत्खनन केले. जमिनीखाली भट्टीचा टाकाऊ माल होता : वाकलेल्या बश्या, फुगलेली झिलई, एकमेकांना चिकटलेले पेले. त्यांत ते लपवलेले आकडे असलेले तुकडे निघाले. बिघडलेला माल कोणी दुसऱ्या गावाहून आणून आपल्या अंगणात पुरत नाही. आकडे वूस्टरचे ठरले. गॉडन यांनी १९६९ मध्ये दोन्ही कारखान्यांची वाटणी नव्याने मांडली. वूस्टरला आपला मध्यम माल स्वीकारावा लागला आणि काफ्लीच्या माथ्यावरचे उसने ओझे उतरले.

लंडनच्या लाइमहाऊसचीही हीच गोष्ट. १७४५च्या सुमारास तिथे निघालेला कारखाना तीनेक वर्षांत बुडाला, आणि त्याचा माल कोणता हे विस्मरणात गेले. १९९०च्या आसपास नदीकाठच्या नॅरो स्ट्रीटवर उत्खनन झाले तेव्हा कळले, की लिव्हरपूलच्या विल्यम रीडच्या नावे कपाटांत मांडलेला एक गट मुळात लाइमहाऊसचा होता. वस्तू त्याच, कपाटे तीच. चिठ्ठ्या मात्र बदलाव्या लागल्या.

*

भंगलेल्या वस्तूचे महत्त्व येथे ध्यानात येते. अखंड भांडे आपली झिलई आणि नक्षी दाखवते. माती दाखवत नाही. उजेडासमोर धरले तर वूस्टर सहसा हिरवट आणि काफ्ली पिवळसर-नारिंगी झाक देते, पण डोळ्यांवर किती विसंबावे? टवका उडालेल्या कडेला मातीचा कण दिसतो : मऊ पोर्सलेन दाणेदार तुटते, पक्के पोर्सलेन काचेसारखे. एक्लस आणि रॅकहॅम यांनी १९२२ मध्ये इंग्रजी पोर्सलेनच्या रासायनिक पृथक्करणाचे पुस्तक काढले. मॅग्नेशिया भरपूर निघाला की शंखजिरे, फॉस्फरिक आम्ल निघाले की हाडांची राख, अशी मातीची जन्मपत्रिका त्यामुळे मांडता आली.

बाजाराचे गणित मात्र उलटे चालते. टवका उडाला की किंमत कोसळते. म्हणून कडा घासून सारख्या करतात, तुटलेला कान नव्याने बसवून रंगवतात. साध्या निळ्या-पांढऱ्या भांड्यावर मागाहून रंग आणि सोने चढवून ते महाग करण्याची युक्तीही जुनीच. पॅरिसच्या सॅमसन कंपनीने तर चेल्सी-वूस्टरच्या प्रतिकृतींवर मोठा धंदा केला. दुरुस्तीचा प्रत्येक असा हात पुराव्यावरून फिरतो आणि वस्तू थोडी मुकी होते.

या साऱ्या प्रयोगांचा शेवट कसा झाला, तेही सांगितले पाहिजे. १७८४ मध्ये इंग्लंडने चहावरचा सुमारे ११९ टक्के कर १२.५ टक्क्यांवर आणला. चहा स्वस्त झाला, भांड्यांची मागणी वाढली. १७९१ मध्ये ईस्ट इंडिया कंपनीने चिनी भांड्यांची मोठी आयात थांबवली. त्याच सुमारास स्टॅफर्डशरमधल्या स्पोड कारखान्याने हाडांची राख, केओलिन आणि कॉर्नवॉलचा दगड यांचा मेळ बसवला : राख साधारण निम्मी. तेच बोन चायना. शंखजिऱ्याचे दिवस सरले. आपल्याकडच्या अनेक शाकाहारी घरांत बोन चायनाचे कप वर्ज्य असतात. हा विटाळ कुठून सुरू झाला असे कोणी विचारले, तर बोट बो येथल्या फ्रायच्या १७४९च्या पेटंटकडे दाखवावे लागते.

जुने भांडे हाती आले की लोक आधी उपडे करून शिक्का पाहतात. ते स्वाभाविक आहे, पण शिक्का म्हणजे करणाऱ्याने स्वतःविषयी सांगितलेली गोष्ट. ती खरी असेलच असे नाही. भट्टीमागे पुरलेला कचरा कोणाला दाखवण्यासाठी ठेवलेला नसतो, म्हणून त्याला खोटे बोलण्याचे कारण नसते. इतिहासाच्या बाकीच्या प्रांतांतही मी आता हाच क्रम धरतो : जपून ठेवलेल्या वस्तूचे आधी ऐकावे आणि टाकून दिलेल्या वस्तूला मग विचारावे. दोघांच्या जबान्या जुळल्या तर उत्तम. नाही जुळल्या, तर टाकलेल्या वस्तूच्या बाजूने उभे राहावे.