रुग्णालयांतील चुकांची मोजदाद

कोल्हापुराजवळ, पुणें-बंगळूर हमरस्त्याच्या कडेला, शिरोलीची औद्योगिक वसाहत आहे. तेथील ओतशाळांतून मोटारींचे व इंजिनांचे ओतीव भाग तयार होतात. साच्यांतून निघालेल्या भागांत भोंक राहिलें किंवा त्यास तडा गेला, तर तो बाजूस काढतात आणि असे किती भाग निघाले तें वहींत मांडतात. त्या आंकड्यास कारखान्याच्या भाषेंत ‘रिजेक्शन’ म्हणतात. आंकडा उतरला कीं काम सुधारलें, इतका हा सरळ हिशेब आहे.

हाच हिशेब रुग्णालयांस लावूं गेल्यास मात्र अडचण येते. खाटा किती, डॉक्टर किती, वर्षाकाठीं रोगी किती तपासले, हें सारें छापून निघतें. पण बरा होण्यास आलेला माणूस उपचारानेंच किती वेळां जायबंदी झाला, याचा सर्व देशाचा असा आंकडा भारतांत प्रसिद्ध होत नाहीं. बिघडलेला ओतीव भाग कोपऱ्यांत पडून राहतो व सर्वांस दिसतो. बिघडलेला उपचार मूळच्या दुखण्याच्या नांवावर खपून जातो. असा आंकडा काढतांच येत नाहीं, हें म्हणणें मात्र खरें नव्हे. न्यूयॉर्क राज्यांतील ५१ रुग्णालयांची १९८४ सालचीं तीस हजारांहून अधिक टिपणें हार्वर्ड विद्यापीठाच्या मंडळींनीं तपासलीं, आणि दाखल झालेल्या दर शंभर रोग्यांमागें सुमारें चौघांस उपचारापासून इजा झाल्याचें त्यांनीं १९९१ सालीं जाहीर केलें.

नोंद किती उपयोगी पडते आणि ती चुकीची वाचल्यास काय अनर्थ होतो, याचा जुना दाखला मुंबईंतील परळच्या प्रयोगशाळेच्या इतिहासांत आहे. डॉ. वॉल्डेमार हाफकिन यांनीं १८९७ च्या जानेवारींत प्लेगची लस प्रथम स्वतःस टोंचून घेतली व मग भायखळ्याच्या तुरुंगांत तिची परीक्षा केली. लस घेतलेले कैदी एका बाजूस आणि न घेतलेले दुसऱ्या बाजूस मांडून त्यांनीं तुलना केली. पुढें लाखों लोकांनीं ती लस घेतली. ३० ऑक्टोबर १९०२ रोजीं पंजाबांतील मुल्कोवाल गांवीं १०७ जणांस ती टोंचली. त्यांपैकीं १९ जणांस धनुर्वात झाला व ते सर्व दगावले. हे एकूणएक जण एकाच बाटलींतील लस घेतलेले होते. इतर बाटल्यांतील लस घेतलेल्यांस कांहींच झालें नाहीं. कोणास कोणत्या बाटलींतून टोंचलें हें लिहून ठेवलेलें होतें, म्हणूनच हें कळलें.

परंतु चौकशी समितीनें दोष परळच्या प्रयोगशाळेवर ठेवला. हाफकिन पदावरून दूर झाले. वस्तुतः त्याच चौकशींत दुसरीही हकीकत पुढें आली होती. बाटली उघडतांना मदतनिसाच्या हातून चिमटा जमिनीवर पडला, आणि तो कार्बोलिकच्या पाण्यांत नुसता बुचकळून त्यानेंच बूच काढण्यांत आलें. शिवाय बाटली उघडल्याबरोबर डॉक्टरांनीं तिचा वास घेतला होता, तो वाईट नव्हता. धनुर्वाताचे जंतु तींत आधींपासून वाढत असते, तर दुर्गंधी आल्यावांचून राहती ना. हा मुद्दा मलेरियाचे संशोधक रोनाल्ड रॉस वगैरे शास्त्रज्ञांनीं १९०७ सालीं लंडनच्या ‘टाइम्स’ पत्रांत मांडला, तेव्हां कोठें हाफकिन निर्दोष ठरले. १९२५ सालीं परळच्या संस्थेस त्यांचें नांव मिळालें. एका पडलेल्या चिमट्याची किंमत विद्वान मंडळींस पांच वर्षें कळूं नये, याचें आजही नवल वाटतें.

मृत्यूंची मोजदाद भारतानें पुढें बरीच नीट बसविली. १९७० च्या सुमारास देशभर सुरू झालेल्या नमुना नोंदणींत एक नोंदणीदार गांवांतील जन्ममृत्यु वेळच्या वेळीं लिहितो, आणि दर सहा महिन्यांनीं दुसरा माणूस त्याची वही न पाहतां घरोघर विचारून स्वतंत्र यादी करतो. मग दोन्ही याद्या ताडून पाहतात. याच पद्धतीनें कळतें कीं, १९७१ सालीं हजार जन्मांमागें १२९ अर्भकें वर्षाच्या आंत दगावत होतीं, तीं २०२३ सालीं २५ वर आलीं. गडचिरोलींत डॉ. अभय व डॉ. राणी बंग यांनीं ३९ गांवांत गांवच्याच स्त्रियांस नवजात बालकांची शुश्रूषा शिकविली, तेव्हां त्यांनींही तुलनेसाठीं ४७ गांवें बाजूस ठेविलीं होतीं. ३९ गांवांतील नवजात मृत्यु हजारीं ६२ वरून तीन वर्षांत सुमारें २५ वर उतरले. १९९९ सालीं हें ‘लॅन्सेट’ साप्ताहिकांत आलें आणि नंतर सरकारनें ती रीत देशभर उचलली.

रुग्णालयाच्या भिंतींआडची मोजदाद मात्र अजून बाल्यावस्थेंत आहे. २०१० सालीं औषधांच्या दुष्परिणामांची आणि २०१२ सालीं रक्त चढवितांना होणाऱ्या अपायांची राष्ट्रीय नोंद सुरू झाली. २०१३ सालीं सरकारी रुग्णालयांसाठीं गुणवत्तेचीं मानकें ठरलीं. त्यांत शेंकडा ७० गुण मिळविणारें रुग्णालय प्रमाणपत्रास पात्र होतें. प्रमाणपत्रांची संख्या वाढणें चांगलेंच. पण तीं स्वच्छता, साधनें आणि कागदपत्रें यांची ग्वाही देतात. किती रोगी विनाकारण दुखावले, हें त्यांतून थेट कळत नाहीं. अपायांच्या नोंदीचेंही कोडें असें कीं, एखाद्या रुग्णालयाकडून तक्रार आलीच नाहीं, तर तेथें चूक झाली नाहीं कीं कोणी बोललें नाहीं, तें बाहेरून ओळखतां येत नाहीं.

मुंबईच्या जे. जे. रुग्णालयांत १९८६ च्या जानेवारी-फेब्रुवारींत मेंदूवरील दाब कमी करण्यासारख्या कामासाठीं रोग्यांस ग्लिसरीन पाजण्यांत आलें. एकामागून एक रोग्यांचीं मूत्रपिंडें बंद पडूं लागलीं आणि चौदा जण मरण पावले. त्या ग्लिसरिनांत डायएथिलीन ग्लायकॉल होतें. हें द्रव्य कारखान्यांतील कामाचें, चवीला गोड आणि दिसावयास ग्लिसरिनासारखेंच. न्यायमूर्ति बख्तावर लेंटिन यांच्या आयोगानें खरेदी, परवाना व तपासणी यांतील एकेक ढिला दुवा उघडा करून दाखविला, आणि त्याची आंच मंत्र्यांपर्यंत गेली. हें विष तेव्हां नवें नव्हतें. अमेरिकेंत १९३७ सालीं तेंच एका औषधांत मिसळलें जाऊन शंभराहून अधिक माणसें मेलीं, आणि विक्रीपूर्वीं औषध निर्धोक असल्याचें दाखविण्याची सक्ती करणारा कायदा तेथें १९३८ सालीं झाला. लेंटिन अहवालास जवळजवळ चार दशकें लोटल्यावर, २०२५ च्या सप्टेंबर-ऑक्टोबरांत, मध्य प्रदेशांतील छिंदवाड्याचीं खोकल्याचें औषध प्यायलेलीं मुलें मूत्रपिंडें निकामी झालेल्या स्थितींत नागपूरच्या रुग्णालयांत आणण्यांत आलीं. त्यांतील अनेक वांचलीं नाहींत. त्या औषधांत सांपडलें तें डायएथिलीन ग्लायकॉलच.