थॉमसनच्या वेलीची मराठी लेकरं

त्र्यंबकेश्वरचा धुवाधार पाऊस मागे टाकून गोदावरी पूर्वेकडे निघते, तसतसा पाऊस झपाट्याने उतरतो आणि निफाडच्या बाजूला द्राक्षबागा सुरू होतात. या बागांना परिचित असलेल्या सोनाका, तास-ए-गणेश आणि माणिक चमन या वाणांचे मूळ एकच, थॉमसन सीडलेस. हे वाण संकरातून झालेले नाहीत, बागायतदारांनी बागेतच निवडलेले आहेत. सोनाका नान्नजच्या नानासाहेब काळे यांचा, तास-ए-गणेश तासगाव तालुक्यातल्या बोरगावच्या वसंतराव आर्वे यांचा, तर माणिक चमन सोलापूर जिल्ह्यातल्या टी. आर. दाबडे यांचा. त्यांना केवळ वाण ‘सापडले’ असे म्हणणे अन्यायाचे आहे. ते या वाणांचे जनक आहेत.

यावर पहिला आक्षेप असा की बदल निसर्गाने केला, शेतकऱ्याने फक्त पाहिला. वेलीच्या एखाद्या डोळ्यात जनुकीय बदल होतो आणि त्यातून फुटलेल्या काडीवर निराळा घड लागतो, हे खरेच. पण असे बहुतेक बदल खरड छाटणीत कापून जातात. शिवाय मणी लांबट दिसला म्हणून लगेच तो नवा वाण ठरत नाही. जिबरेलिक ॲसिडच्या बुडवणीनेही मणी लांबतो, खतपाण्यानेही फुगतो. म्हणून ती काडी वेगळी राखायची, तिची कलमे करायची, पुढच्या हंगामांत तोच गुण टिकतो का ते पाहायचे आणि मगच ती इतरांच्या हाती द्यायची. निवड म्हणजे हे सगळे काम. काळे यांनी किशमिश चोर्नी या काळ्या वाणातून शरद सीडलेसही निवडला. एकाच माणसाच्या हातून दोनदा असे घडते, तेव्हा त्याला नुसते नशीब म्हणता येत नाही.

जगाने हा मान इतरांना सहज दिला आहे. खुद्द विल्यम थॉमसन यांनी काहीच घडवले नव्हते. पश्चिम आशियातला जुना सुलतानिना हा वाण त्यांनी 1872मध्ये न्यूयॉर्कच्या रोपवाटिकेतून कॅलिफोर्नियात नेऊन लावला, आणि त्यांचे आडनाव त्याला कायमचे चिकटले. गुलाबातही हीच रीत दिसते. फ्रान्सिस मेयां यांच्या ‘पीस’ गुलाबाच्या एका फांदीवर शिकागोतल्या बागेत वेगळ्या रंगाचे फूल आले आणि 1962मध्ये ‘शिकागो पीस’ स्वतंत्र नावाने बाजारात आला. भारताच्या 2001च्या वनस्पती वाण संरक्षण व शेतकरी हक्क कायद्यानेही पैदासकाराच्या व्याख्येत शेतकऱ्याला स्थान दिले आहे.

दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे. हे सगळे वाण एकाच आईचे असल्याने तिची दुखणी त्यांच्यातही उतरली आहेत. डाऊनी मिल्ड्यू या रोगापुढे थॉमसन हतबल, तशीच तिची लेकरंही. निवडीतून मणी लांबतो, रंग बदलतो, पण आईकडे नसलेली रोगप्रतिकारशक्ती सहसा येत नाही. त्यासाठी दुसऱ्या कुळाशी संकरच करावा लागतो, आणि ते संशोधन संस्थांचे काम आहे. हे मान्य केल्याने बागायतदाराचे श्रेय उणावत नाही, दोघांच्या कामाची वाटणी स्पष्ट होते. संकरातून आलेल्या शेकडो रोपांतले कोणते टिकेल, हे ओळखायलाही शेवटी बागेत तयार झालेली नजरच लागणार आहे. म्हणून प्रत्येक रोपवाटिकेने वाणाच्या नावासोबत निवडणाऱ्याचे नाव आणि गाव लिहिले पाहिजे, आणि संस्थांनी अशा बागायतदारांना चाचणीच्या शेवटी नव्हे, सुरुवातीलाच बोलावले पाहिजे.