‘बॉयकॉट’ आणि ‘बहिष्कार’ : एका शब्दाची व्युत्पत्ती व तिचा इतिहास

इंग्रजीत नित्य वापरले जाणारे काही शब्द मूळची व्यक्तिनामे होत. ‘बॉयकॉट’ हा त्यांपैकीच एक. मात्र ज्याच्या आडनावावरून तो रूढ झाला, तो या कृतीचा कर्ता नव्हता, तर तिचे लक्ष्य होता.

कॅप्टन चार्ल्स कनिंगहॅम बॉयकॉट (१८३२-१८९७) हा आयर्लंडमधील मेयो परगण्यात लॉर्ड अर्न या जमीनदाराचा कारभारी होता. नापिकीने गांजलेल्या कुळांनी खंडात २५ टक्के सूट मागितली. जमीनदार १० टक्क्यांपलीकडे जाईना. दि. १९ सप्टेंबर १८८० रोजी एनिस येथील सभेत पार्नेल यांनी, बेदखल कुळाची जमीन घेणाऱ्याशी सर्व व्यवहार तोडावेत, असे आवाहन केले. काही दिवसांतच बॉयकॉटने बेदखलीच्या नोटिसा काढल्या आणि तेच शस्त्र त्याच्यावर उगारले गेले. मजूर व घरगडी काम सोडून गेले, दुकानदारांनी माल नाकारला. अखेर पीक काढण्यास सुमारे ५० स्वयंसेवक बाहेरून आणावे लागले व त्यांच्या रक्षणार्थ शेकडो सैनिक तैनात झाले. सुमारे ५०० पौंडांच्या पिकापायी १०,००० पौंड खर्ची पडल्याचा अंदाज केला जातो. डिसेंबरमध्ये बॉयकॉटने आयर्लंड सोडले.

अमेरिकन पत्रकार जेम्स रेडपाथ यांच्या कथनानुसार, ‘ऑस्ट्रसाइझ’ हा ग्रीकोद्भव शब्द शेतकऱ्यांना उमजणार नाही, म्हणून फादर जॉन ओ’मॅली यांनी हे आडनावच क्रियापद म्हणून सुचविले. पंडिती शब्द मागे पडला, हे स्वाभाविकच होय.

वंगभंगाच्या चळवळीत (१९०५) मराठीने त्यासाठी ‘बहिष्कार’ हा शब्द योजिला आणि टिळकांच्या चतुःसूत्रीत त्यास स्थान मिळाले. परंतु हा शब्द कोरा नव्हता. जातीने व्यक्तीला वाळीत टाकणे हा त्याचा रूढ अर्थ होता. १८९० च्या पंचहौद मिशन चहा प्रकरणात खुद्द टिळकांनाही ग्रामण्यास सामोरे जावे लागले होते. आयर्लंडमध्ये दुर्बळांनी सबळाविरुद्ध जे वापरले, ते येथे बहुधा सबळांच्या हाती होते. चतुःसूत्रीच्या विवेचनात हा भेद सहसा दुर्लक्षिला जातो. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी मात्र ‘बहिष्कृत हितकारिणी सभा’ (१९२४) व ‘बहिष्कृत भारत’ (१९२७) या नावांतून तो जुना अर्थच समाजापुढे ठेवला.

महाराष्ट्राने सामाजिक बहिष्काराविरुद्ध २०१६ चा अधिनियम केला; तो जुलै २०१७ मध्ये अमलात आला. त्याच्या इंग्रजी शीर्षकात योजलेला शब्द ‘बॉयकॉट’ हाच आहे.