बारा दिवसांची देखरेख

इंग्लंडात घरोघर जाऊन रुग्णसेवा करणाऱ्या परिचारिकांच्या व्यवसायाचा इतिहास पाहू जाता असे आढळते की, पायावरच्या जुनाट व्रणाला कोणती पट्टी बांधावी, याचा निर्णय वर्षानुवर्षे प्रत्यक्षात त्यांचाच असे. परंतु चिठ्ठीवर दस्तखत करण्याची मुखत्यारी केवळ डॉक्टरांकडे असल्यामुळे, पुष्कळदा ज्याने तो व्रण पाहिलेलाही नाही अशा डॉक्टरच्या सहीसाठी त्यांना दवाखान्यात खोळंबून राहावे लागे. १९८६ साली ज्युलिया कंबर्लेज यांच्या समितीने या कालापव्ययावर नेमके बोट ठेवले आणि मर्यादित यादीतील औषधे लिहून देण्याचा अधिकार परिचारिकांना असावा, अशी शिफारस केली. १९८९ मध्ये डॉ. जून क्राउन यांच्या समितीने तिला दुजोरा दिला. १९९२ मध्ये कायदा झाला. १९९४ मध्ये आठ ठिकाणी प्रयोगादाखल अंमल सुरू झाला.

मला मात्र कायद्याहून मोलाची वाटते ती पुढची तजवीज. २००२ पासून अधिकाराची कक्षा रुंदावली, तेव्हा विद्यापीठातील अध्ययनाच्या जोडीला, नेमलेल्या डॉक्टरच्या देखरेखीखाली बारा दिवसांचा प्रत्यक्ष अनुभव आवश्यक ठरला. रुग्णाची हकिकत कशी काढावी, आधीच्या औषधांशी नव्या औषधाचा विरोध कसा ताडून पाहावा, आणि काही प्रसंगी औषध न देणेच श्रेयस्कर हे कसे ओळखावे, हे डॉक्टरने शेजारी बसून दाखवावे, विद्यार्थिनीने ते करून दाखवावे, आणि तिच्या योग्यतेबद्दल खात्री पटल्यावरच त्याने दाखला द्यावा, असा हा क्रम होता. न पाहता सही करणाऱ्या डॉक्टरवर आता पाहिल्याखेरीज सही न करण्याचे दायित्व आले; आणि या कामाला स्वतंत्र मोबदला सहसा नसतानाही अनेकांनी दवाखान्याच्या धबडग्यातून त्यासाठी वेळ काढला.

मे २००६ मध्ये, नियंत्रित औषधांवरील निर्बंध वगळता, जवळजवळ संपूर्ण औषधकोश पात्र परिचारिकांना खुला झाला. निदानाचे दीर्घ शिक्षण नसता एवढा अधिकार देणे रुग्णांना धोक्याचे ठरेल, असा इशारा ब्रिटिश मेडिकल असोसिएशनने दिला होता. तो केवळ मानापमानाचा प्रश्न नव्हता, त्यात तथ्य होते; आणि त्याचे खरे उत्तर कायद्याच्या कलमात नसून शेजारी बसून शिकवणाऱ्या डॉक्टरच्या त्या खुर्चीत होते. प्रशिक्षणाच्या २०१८ च्या नव्या निकषांनी ती खुर्ची औषधयोजनेत मुरलेल्या परिचारिकांना व फार्मासिस्टांनाही मोकळी केली.