यंत्रांचे नैसर्गिक ध्वनी : संगणकाच्या इतिहासातील एक प्रकरण

मडके विकत घेणारा मनुष्य त्यावर टिचकी मारून ते पक्के आहे की तडकलेले हे ठरवितो. घागर भरत आल्याचे पाण्याच्या चढत्या स्वरावरून न पाहताही कळते. घागरीतील हवेचा स्तंभ आखूड होत जातो म्हणून स्वर चढतो, हे कारण ठाऊक नसले तरी अर्थबोधास बाधा येत नाही. संगणकासारख्या मूक यंत्राला हीच भाषा देण्याचा जो प्रयत्न विसाव्या शतकाच्या अखेरीस झाला, त्याचा इतिहास अल्प परंतु उद्बोधक आहे.

वाफेच्या व दातेरी चाकांच्या यंत्रांना या भाषेची उणीव कधी भासली नाही. यंत्र कुरकुरले की जाणत्या कारागिरास बिघाडाची जागा उमगे. संगणकाने मात्र काम आणि आवाज यांची फारकत केली. आरंभीच्या वैयक्तिक संगणकांची ‘बीप’ काही चुकले एवढेच सुचवी. काय चुकले, हे सांगण्यास ती असमर्थ होती.

विल्यम गेव्हर या अमेरिकन संशोधकाने १९८६ मध्ये या प्रश्नाला निराळे वळण दिले. मनुष्य सामान्यतः स्वर ऐकत नाही, घटना ऐकतो, हे त्याच्या विचाराचे मूळ होय, त्यामागे जे. जे. गिब्सनच्या प्रत्यक्षज्ञानविषयक सिद्धान्ताची प्रेरणा होती. ॲपलच्या संगणकासाठी त्याने ‘सॉनिकफाइंडर’ नावाची प्रणाली रचली. तीत एखादी फाइल निवडली की वस्तूवर ठोकल्यासारखा आवाज होई. वस्तूच्या प्रकारानुसार या आवाजातील द्रव्य बदले आणि फाइल मोठी असल्यास तो खर्जाकडे झुके. फाइल ओढताना घासल्याचा आवाज येई. नक्कल होत असता भांड्यात पाणी ओतल्याचा ध्वनी उमटे व तो चढत जाई, म्हणजे काम किती उरले हे घागरीप्रमाणेच कळे. या प्रणालीचे वर्णन १९८९ मध्ये प्रसिद्ध झाले. त्याच नियतकालिकाच्या त्याच अंकात ब्लॅटनर, सुमिकावा व ग्रीनबर्ग यांनी ‘इअरकॉन’ची, म्हणजे लहान स्वरबंधांतून रचलेल्या सांकेतिक ध्वनींची, कल्पना मांडली. इअरकॉनचा अर्थ शिकावा लागतो. उलट ज्या क्रियेस निसर्गात प्रतिरूपच नाही, तीही त्याने सुचविता येते.

गेव्हरच्या मताची खरी कसोटी १९९१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘अर्कोला’ या प्रयोगात लागली. रँडल स्मिथ व टिम ओशे यांच्यासह त्याने शीतपेयाचा एक काल्पनिक कारखाना संगणकावर उभा केला आणि तो चालविण्यास माणसांच्या जोड्या बसविल्या. यंत्रांचे आवाज एकमेकांत मिसळत व त्यांच्या लयीवरून कामाची गती कळे. पडद्यावर न दिसणाऱ्या भागात काय चालले आहे हेही त्यामुळे ध्यानात राही. ध्वनी असता दोघांचे सहकार्यही सुलभ झाले. परंतु दोन दोष उघड झाले. बाटल्या फुटण्याचा आवाज इतका अस्वस्थ करी की मूळ कारण न शोधता तो थांबविण्याकडेच लोक धाव घेत. दुसरा दोष अधिक सूक्ष्म आहे : एखादे यंत्र बंद पडून त्याचा आवाज थांबला, तर ती शांतता कित्येकदा कोणाच्या लक्षातच येत नसे. जे वाजते ते कळते, जे थांबते ते निसटते. नैसर्गिक ध्वनीची ही मर्यादा त्याच्या समर्थकांनी पुरेशी मनावर घेतली, असे वाटत नाही.

व्यवहारात वर्चस्व प्रस्थापित केले ते सांकेतिक स्वरांनीच. दूरध्वनीपासून कपडे धुण्याच्या यंत्रापर्यंत सर्वत्र छोट्या धुना वाजू लागल्या. नैसर्गिक ध्वनी तुरळक उरले : कचरापेटी रिकामी करताना कागद चुरगळल्याचा, छायाचित्र घेताना झडप मिटल्याचा. दूरध्वनीच्या कॅमेऱ्यास तशी झडप बहुधा नसतेच. तेथे ध्वनी हा एका लुप्त यंत्राचा अवशेष आहे.

विजेवर चालणाऱ्या मोटारींनी हा प्रश्न रस्त्यावर आणला. मंद गतीने येणारी अशी मोटार जवळजवळ निःशब्द असते व अंध पादचाऱ्यास तिची चाहूल लागत नाही. म्हणून युरोपीय संघाने १ जुलै २०१९ पासून नव्या प्रकारच्या आणि १ जुलै २०२१ पासून सर्वच नव्या विद्युत् मोटारींना ताशी २० किलोमीटरपर्यंत कृत्रिम आवाज करणे सक्तीचे केले. हा आवाज अखंड असावा, आणि वेगाबरोबर त्याचा स्वर बदलावा, असेही बंधन त्यात आहे.