मळवलीचे शिळाछाप चित्रकार

रविवर्मा प्रेसच्या मळवली येथील कारखान्यात राबलेले, कलेतिहासाने फारशी दखल न घेतलेले चित्रकार व कारागीर. राजा रविवर्मा (१८४८–१९०६) यांनी बंधू सी. राजा राजा वर्मा यांच्या साथीने १८९४ मध्ये गिरगावात हा छापखाना काढला. ‘शकुंतला जन्म’ हे तिथले पहिले चित्र. १८९६ पासून मुंबईत प्लेगने थैमान घातले आणि १८९९ मध्ये छापखाना मावळात, मुंबई–पुणे लोहमार्गावरच्या मळवलीला आला. पुढे लवकरच तो फ्रिट्झ श्लायशर या जर्मन तंत्रज्ञाने विकत घेतला.

चित्राखाली नाव असे रविवर्मांचे. घरोघरच्या देव्हाऱ्यांत पोचलेली लक्ष्मी-सरस्वती मात्र दगडावर उतरवली ती दुसऱ्याच हातांनी. गुळगुळीत घासलेल्या चुनखडीच्या शिळेवर तेलकट खडूने रेखाटन होई. पाणी फिरवले की कोरी जागा ओली होई आणि शाई फक्त रेषांवर चढे. एकेका रंगाला वेगळी शिळा लागे. थेट शिळेवर काढायचे तर चित्र उलटे काढावे लागे. देवीचा उजवा हात डावीकडे गेला, तरच कागदावर तो जागच्या जागी येई. एक शिळा केसभर सरकली तरी ओठांचा रंग गालावर उतरे. गालाची गोलाई आणि साडीची झळाळी ठिपक्याठिपक्याने साधणाऱ्या या माणसांना नुसते ‘छापखान्यातले कामगार’ म्हणणे अन्यायाचे आहे. मूळ तैलचित्र किती जणांनी पाहिले? महाराष्ट्राला रविवर्मा कळले ते यांच्याच हातून.

या वर्तुळातले एक नाव पुढे गाजले, पण वेगळ्याच कारणाने. धुंडिराज गोविंद फाळके यांनी या छापखान्यासाठी फोटोलिथोची (छायाचित्रावरून शिळाछपाईची) कामे केली, लोणावळ्यात स्वतःचा छापखाना थाटला आणि १९१३ मध्ये ‘राजा हरिश्चंद्र’ हा चित्रपट पडद्यावर आणला. महादेव विश्वनाथ धुरंधर (१८६७–१९४४) यांची चित्रेही रविवर्मा प्रेसने छापली, जे. जे. स्कूलमधली त्यांची कारकीर्द मोठी, तरी या छापील चित्रांकडे समीक्षकांचे लक्ष उशिराच गेले.

पुण्यात चित्रशाळा प्रेस १८७८ पासून रंगीत चित्रे छापत होताच. छापील चित्रे काढणाऱ्यांची उपेक्षा मात्र इथल्यापुरती नव्हती. अमेरिकेतही जेसी विलकॉक्स स्मिथ या चित्रकर्तीची चित्रे १९१७ पासून ‘गुड हाउसकीपिंग’ मासिकाच्या मुखपृष्ठांवरून घराघरांत गेली, तरी तिच्यासारख्यांवर ‘इलस्ट्रेटर’ असा शिक्का बसला आणि चित्रकारांच्या पंगतीत त्यांना पान मिळाले नाही.

१९७२ च्या आगीत छापखाना जळाला. त्याची चित्रे घरोघर पोचली त्या काळच्या बायकांनी चित्रांतल्या साड्यांवर जर आणि टिकल्या शिवल्या. असे सजवलेले छाप आज संग्राहक आवर्जून शोधतात. काहींच्या तळाशी छापखान्याचा ‘कार्ला, लोणावळा’ असा पत्ता वाचता येतो.